ढगातली म्हातारी हरभरे भरडते: मुलांना हे सांगावं की नाही?

रानजाई
परवा वळवाचा पाऊस आला. गडगडायला लागल्याबरोबर सासूबाईंनी पाच वर्षांच्या नातीला कुशीत घेऊन सांगितलं, "घाबरू नको, वर म्हातारी हरभरे भरडतेय." लेकीने विचारलं, "मग डाळ कुठे पडते?" सगळे हसले, उत्तर कुणीच दिलं नाही.

माझ्या मते या वयात मुलं जे प्रश्न विचारतात, त्यांना खोटं उत्तर द्यायचंच नाही. वारा का वाहतो, हेही सांगता येतं. फ्रिज उघडला की आधी पावलांना गार लागतं, हे तिला ठाऊक आहे. गार हवा जड, ती खाली उतरते. तापलेली हवा वर जाते आणि तिच्या जागी बाजूची हवा सरकते, तोच वारा. एवढं पाच वर्षांच्या मुलीला कळतं. मग म्हातारी कशाला?

भाकरतुकडा
कारण मूल घाबरलेलं असतं, ताई. त्या क्षणी त्याला कूस हवी असते, कारणमीमांसा नको. आम्ही सगळे त्या म्हातारीवर वाढलो. दहाव्या वर्षी कुणी तिच्यावर विश्वास ठेवत होतं का? गोष्ट आपोआप गळून पडते. आणि डाळ कुठे पडते म्हणाल, तर गारा पडतील त्या दिवशी दाखवा.

डोंगरवारा
म्हातारी परवडली. ती नको म्हणणारे आईबाप तिच्या जागी काय सांगतात, ते ऐका: "ढगावर ढग आपटतात." हे शास्त्र म्हणून सांगितलं जातं, म्हणून ते गळून पडत नाही. इंजिनिअर झालेली माणसं चाळिशीत हेच सांगताना मी ऐकली आहेत.

ढगावर ढग आपटून आवाज होत नाही. उंच ढगात आत बर्फाचे बारीक कण आणि गारेसारखे मऊसर दाणे एकमेकांना घासून जातात, त्यातून विद्युतभार वेगळे होतात. वीज चमकली की तिच्या वाटेतली हवा क्षणात तीस हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, एकदम फुगते, तोच गडगडाट. म्हणजे ढगात भरडण्यासारखं काहीतरी चालतं खरं! आवाज मात्र त्याचा नाही.

रानजाई
@भाकरतुकडा, कूस द्यावीच. पण म्हातारी प्रेमळ असेल, तर मूल अंगणात का थांबणार नाही? वळवाच्या वाऱ्यात आंबे पडतात आणि पोरं ते वेचायला नेमकी झाडाखालीच पळतात. वीज चमकल्यावर आवाज येईपर्यंत आकडे मोजायचे, तीन आकड्यांना साधारण एक किलोमीटर, हे मुलांना खेळ म्हणून शिकवता येतं. आकडे कमी व्हायला लागले की वीज जवळ येतेय.

अंगणवाडीताई
मोजायचा खेळ चांगला, पण एक दुरुस्ती. मूल आकडे मोजत अंगणात उभं राहायला नको. गडगडाट ऐकू आला की आधी घरात, मोजणं खिडकीच्या आतून.

बाकी तुम्ही दोघंही घरात एका मुलाशी बोलताय. माझ्यासमोर खोलीभर मुलं असतात. भिंतीवर हवामानाचा तक्ता आहे, त्यात बर्फाचा माणूस! कोकणातल्या पोरांनी त्याचं करायचं काय? 'आज ऊन' असं चित्र लावून कुणी काही शिकत नाही. मी बोट ओलं करून वर धरायला लावते. ज्या बाजूला गार लागेल, तिकडून वारा. सकाळी एकदा, दुपारी एकदा. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी वारा समुद्राकडून येतो, हे मुलांनीच सांगितलं. खारे वारे हा शब्द नंतर आला. पहाटेचे, जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे तर डोलकरांच्या घरातल्या मुलांना माझ्याआधी माहीत होते.

'का' मात्र मी सांगत नाही. रानजाईताई, तुमच्या लेकीला फ्रिजचं उदाहरण कळलं असेल, पण बरीच मुलं ते फक्त पाठ म्हणतात.

जुनाखोंड
मृग निघाला की पेरणीची घाई, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. पंचांगात त्या नक्षत्राचं वाहन म्हणून कोणता प्राणी दिलाय ते बघायचं, म्हैस किंवा बेडूक असला की पाऊस बरा. आमची पोरं यातूनच ऋतू शिकली. शहरी प्रयोग तुमचे तुम्हाला.

डोंगरवारा
काका, नक्षत्रं शिकवा की. सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवसांच्या आसपास असतो, म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच निघतो. मुलांना कॅलेंडर समजायला उत्तमच. पण सबंध महाराष्ट्राला एकच म्हैस कशी चालेल? २६ जुलै २००५ ला एकाच मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. त्यापेक्षा तोंड आणि बूड सारख्या रुंदीचा डबा गच्चीत ठेवा, आत पट्टी बुडवा. आपल्या गल्लीचा पाऊस मुलालाच मोजता येईल.

जुनाखोंड
डबा ठेवतो. वाहनही बघतो. कोण जास्त वेळा बरोबर येतं, ते नातवालाच लिहायला लावतो.

भाकरतुकडा
हे मात्र झकास. तरी रात्री दोनला गडगडलं, तर माझ्याकडून म्हातारीच येणार. विद्युतभार सकाळी, चहानंतर.