मदत हवी आहे: गीझरच्या नव्या लाइनला टेस्ट रिपोर्ट (वायरिंग तपासल्याचा परवानाधारक कंत्राटदाराचा दाखला) लागतो का?

कोपरखैरणे, जुना फ्लॅट, सिंगल फेज. बाथरूममध्ये ३ किलोवॅटचा गीझर, म्हणजे साधारण १३ अँपिअर. सध्याचा पॉइंट ६ अँपिअरचा, वायर १.५ चौरस मिमी. त्यावर नुसतं १६ चं सॉकेट बसवलं तर वायर भिंतीतच तापणार. म्हणून डीबीपासून (घरातला मुख्य वितरण बॉक्स) ४ चौरस मिमीची वेगळी लाइन, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आल्यावर आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), आणि अर्थिंग (जुन्या इमारतीत हेच आधी तपासावं).

पंखा, स्विच, फ्यूज बदलायला परवानाधारक कंत्राटदाराची सक्ती नाही, हे नियमातच आहे. पण नवं सर्किट त्या सवलतीत बसत नाही ना? की महावितरणकडे मंजूर भार वाढवतानाच त्याचा टेस्ट रिपोर्ट द्यायचा? अलीकडे कुणी केलंय?