माती फेकायची कशाला, धुवा की!

एकांनी लिहिलंय, की बंद कारखान्याच्या जागेवरची खराब माती उपसून बाहेर टाकायची आणि पाइल (इमारतीच्या पायासाठी जमिनीत खोल घातलेले खांब) मारून मोकळं व्हायचं. इतकं सोपं नाही हो ते. लंडनला २०१२च्या ऑलिंपिकसाठी स्ट्रॅटफर्डची जागा घेतली, तिथे तेल, डांबर, शिसं, आर्सेनिक सगळंच मुरलेलं होतं. त्यांनी जागेवरच माती धुण्याची यंत्रं लावली (त्याला चक्क 'मातीचं हॉस्पिटल' म्हणायचे!) आणि बहुतेक माती तिथेच परत वापरली. घाण चिकटते ती मुख्यतः बारीक कणांना, म्हणजे गाळाला नि चिकणमातीला. ते वेगळे काढले की वाळू-खडी बऱ्यापैकी स्वच्छ मिळते. पण जमीन मुळातच चिकणमातीची असेल तर धुऊन हाती फारसं लागत नाही. आपल्याकडे खाडीलगतच्या जागांवर हीच गोची.

पाइलचं म्हणाल तर विचार न करता मारलेला पाइल भरावातल्या घाणीला खालच्या भूजलापर्यंत वाट करून देऊ शकतो. स्ट्रॅटफर्डखाली तर खोलवर चॉकचा (खडूसारख्या मऊ चुनखडकाचा) पाणी धरणारा थर आहे. जमीन तपासायला बोअर घेताना नुसता एसपीटीचा (जमीन किती घट्ट आहे ते सांगणाऱ्या चाचणीचा) आकडा बघू नका, माती-पाण्याचे नमुनेही लॅबला पाठवा.