मदत हवी आहे: ‘विचर ४’ गेमसाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय, पण यूपीएस झेपेल का?

मंडळी, ‘विचर ४’ अनरिअल इंजिन ५ या जड गेम-सॉफ्टवेअरवर येतोय, म्हणून पीसीची तयारी आत्तापासूनच. सध्या रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. या कार्डात रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवायचं तंत्र) हार्डवेअरच नाही, त्यामुळे बदलणं भाग आहे. बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलंय.

बोर्डाचा कार्ड लावायचा स्लॉट जुन्या, कमी वेगाच्या पीसीआयई ३.० चा, म्हणून आठ लेनच्या (लेन म्हणजे डेटा जायची वाट) आरटीएक्स ५०६० टीआयपेक्षा सोळा लेनचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी मला बरं वाटतं.

खरी अडचण विजेची. दारव्ह्याजवळ खेड्यात राहतो. शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, पंखा मंदावतो, यूपीएस टकटक करत बॅटरीवर जातो. तो ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर), त्यावर ३६० वॅट लिहिलंय. पीसीचा पॉवर सप्लाय ४५० वॅट.

बजेट ४५ हजार. सेकंडहँड नको.

गेम चालू असताना लाइट गेली तर हा यूपीएस नवं कार्ड पेलेल का, की आधी मोठा यूपीएस घेऊ? आणि स्टॅबिलायझर वेगळा लावावा का?