मदत हवी आहे: ॲक्सेस की बदलली, पण निम्म्या फाइली चढत नाहीत

वेताळटेकडी
नमस्कार. आमच्या लारावेल (पीएचपीची वेब-चौकट) प्रकल्पाची ॲमेझॉन क्लाउडची ॲक्सेस की (ओळखीची किल्ली) आणि तिचे सीक्रेट (तिच्या जोडीचा गुप्त शब्द) आज बदलले. सर्व्हरवरच्या डॉट-ईएनव्ही (अशी गुप्त मूल्ये ठेवायच्या) फाइलीत नवी मूल्ये भरली, आयएएममध्ये (ॲमेझॉनच्या परवानगी-व्यवस्थेत) जुनी की निष्क्रिय केली, आणि तेव्हापासून काही फाइली एस-थ्रीवर (ॲमेझॉनच्या फाइल-साठ्यावर) चढतात, तर काहींना ४०३ (परवानगी नाकारल्याचा संदेश) येतो. लॉगमध्ये ‘इनव्हॅलिड ॲक्सेस की आयडी’ दिसते. नवी मूल्ये अक्षर न अक्षर ताडून पाहिली आहेत. ग्राहकाला सकाळी अहवाल पोहोचायला हवेत, तरी कृपया नेमका उपाय सांगावा.

उंबरठा
कॉन्फिग कॅश केलेले (सेटिंग्ज एका तयार फाइलीत साठवलेल्या) आहे की नाही, हे आपण लिहिलेले नाही. लारावेलची ‘आर्टिसन कॉन्फिग:कॅश’ ही आज्ञा एकदा चालवली की लारावेल डॉट-ईएनव्ही फाइल उघडतच नाही. सगळी मूल्ये बूटस्ट्रॅपच्या कॅश फोल्डरातील एका पीएचपी फाइलीत उतरलेली असतात आणि तीच वापरली जातात. ‘कॉन्फिग:क्लिअर’ करून पाहा. त्या कॅश फाइलीतही सीक्रेट उघडे लिहिलेले असते, त्यामुळे तिच्या परवानग्याही याच वेळी तपासून घ्या.

वेताळटेकडी
कॅश केलेले नव्हतेच. तरीही क्लिअर केले, फरक पडला नाही. संकेतस्थळावरून टाकलेले फोटो जातात, पीडीएफ अहवाल जात नाहीत.

सांजवात
मुळात सर्व्हरवर कायमची की ठेवायचीच कशाला? ईसी-टूला (ॲमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरला) आयएएम रोल जोडला की तात्पुरती क्रेडेन्शियल्स आपोआप मिळतात आणि मुदत संपण्याआधी नवी येतात. आमच्या सर्व प्रकल्पांत आम्ही हेच करतो.

वेताळटेकडी
सर्व्हर ॲमेझॉनचा नाही, दुसऱ्या कंपनीचा साधा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) आहे.

शिलेदार
कुबरनेटीजच्या (कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीच्या) सीक्रेटमध्ये की ठेवणार असाल, तर बेस-६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, हे आधी लक्षात घ्या. ती कुणालाही क्षणात उलगडता येते.

कासार
येथे कुबरनेटीज कुठेच नाही. वेताळटेकडी, अहवाल क्यूमधून (मागे चालणाऱ्या कामांच्या रांगेतून) तयार होतात का? वर्कर (रांगेतली कामे करणारी प्रोसेस) कोण चालवते?

पाणंद
ते शोधेपर्यंत जुनी की पुन्हा सक्रिय करा. आयएएममध्ये एका युजरला दोन ॲक्सेस की ठेवता येतात, त्या की अशा बदलाच्या काळात दोन्ही चालू राहाव्यात म्हणूनच. आधी नवी सगळीकडे रुजू द्यायची, ‘शेवटचा वापर’ या रकान्यात जुनी शांत झाल्याचे पाहायचे आणि मग ती निष्क्रिय करायची. आपण हा क्रम उलटा केला आहे.

वेताळटेकडी
होय, क्यूमधून, सुपरवायझर (प्रोसेस चालू ठेवणारा प्रोग्राम) याच्याखाली. जुनी की आमच्या आधीच्या कंत्राटदाराने गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत) टाकलेली होती आणि त्याच्याकडे कोडची प्रत आहे, म्हणून ती लगेच बंद केली.

उंबरठा
मग पाणंद यांचा सल्ला मानू नये. बाहेर गेलेली की आधी बंद करायची, अहवाल खोळंबले तरी चालतील.

पाणंद
सार्वजनिक रेपॉझिटरीत गेली असती तर मीही हेच म्हटले असते. खासगी रेपॉझिटरी आणि ओळखीचा माणूस असताना एका रात्रीसाठी ग्राहकाचे काम अडवणे मला पटत नाही.

सांजवात
गिटचा इतिहासही पुसून घ्या.

उंबरठा
कंत्राटदाराच्या यंत्रावरची प्रत त्याने पुसली जात नाही. की रद्द करणे हाच खरा इलाज आहे. डॉट-ईएनव्ही फाइल अजून गिटमध्ये असेल, तर ती नुसती गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) लिहून भागत नाही. ‘गिट आरएम’ला ‘कॅश्ड’ पर्याय देऊन ती काढावी लागते, नाहीतर नवी कीही पुढच्या कमिटबरोबर तिथेच जाईल.

कासार
वादाची गरज नाही, कारण सापडण्यासारखे आहे. क्यूचे वर्कर एकदा सुरू झाले की सुरुवातीला वाचलेली मूल्येच धरून बसतात. ‘आर्टिसन क्यू:रीस्टार्ट’ चालवा. हातातले काम संपवून ते थांबतील आणि सुपरवायझर त्यांना पुन्हा उभे करील.

वेताळटेकडी
केले. अहवालांना अजूनही तीच चूक येते.

कासार
मग सुपरवायझरच्या कॉन्फ फाइलीत ‘एन्व्हायर्नमेंट’ अशी ओळ आहे का, ते पाहा. प्रोसेसला बाहेरून मिळालेले मूल्य लारावेल डॉट-ईएनव्हीमधील मूल्याने बदलत नाही, त्यामुळे त्या ओळीत जुनी की असेल तर वर्कर कितीही वेळा उठवले तरी तीच घेणार. ती ओळ काढून टाका, म्हणजे की एकाच जागी राहील. त्यानंतर ‘सुपरवायझरसीटीएल’ने ‘रीरीड’ आणि ‘अपडेट’ दोन्ही चालवा. नुसत्या ‘रीस्टार्ट’ने बदललेली कॉन्फ फाइल वाचली जात नाही.

वेताळटेकडी
तीच ओळ निघाली, जुनी की आणि सीक्रेट दोन्ही तिथे होती. ओळ काढून दोन्ही आज्ञा चालवल्या आणि ‘क्यू:रीट्राय’ने अडकलेले अहवाल पाठवले, सगळे चढले. कासार, मनापासून आभार. आता जुनी की कायमची डिलीट करू का?

कासार
आज नको. निष्क्रिय असताना ती कुणाच्या उपयोगाची नाही, पण डिलीट केलेली परत आणता येत नाही. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या व्यवस्थेत) महिन्यातून एकदा चालणारे काही असेल, तर ते एकदा बिनचूक पार पडू द्या आणि मग डिलीट करा. तोवर डॉट-ईएनव्ही फाइलीची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) करून ठेवा. मात्र पीएचपी ज्या युजरखाली चालते, त्याच्याच मालकीची ती फाइल असायला हवी.