जीबीए एसपी + रीरायटेबल कार्ट्रिज: सेव्हच्या तीन अडचणी (गोल्डची बॅटरी, जीबीए होमब्रू, आरजीबीडीएस)

निळा_एसपी

नमस्कार मंडळी. साहित्य असं आहे: गेम बॉय ॲडव्हान्स (जीबीए) एसपी हा हातातला कन्सोल, कार्ट्रिज वाचणारा-लिहिणारा जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू रीडर आणि संगणकावर तो चालवणारा फ्लॅशजीबीएक्स हा प्रोग्रॅम. दोन रीरायटेबल कार्ट्रिज आहेत. एक गेम बॉयची, एमबीसी५ (मेमरीच्या बँका बदलणारी चिप), ३२ केबी एसरॅम (सेव्ह ठेवणारी मेमरी, वीज गेली की पुसली जाते), बॅटरीवाली. दुसरी जीबीएची, ३२ एमबी, तिच्यावर विक्रेत्याने "बॅटरीची गरज नाही" असं लिहिलंय.

१) पोकेमॉन गोल्डची (इंग्रजी) मूळ कार्ट्रिज आहे. सेव्ह अजून शाबूत आहे, पण घड्याळ मागे पडतंय. बॅटरी बदलायची आहे. आधी काय, नंतर काय? आणि हाच गेम एमबीसी५ कार्ट्रिजवर टाकून खेळता येईल का?

२) सी मध्ये मी स्वतः लिहिलेला (होमब्रू) जीबीएचा छोटा गेम एमजीबीएवर (संगणकावर कन्सोलची नक्कल करणारा एमुलेटर) नीट सेव्ह होतो. कार्ट्रिजवर टाकला की एसपी बंद करेपर्यंत सेव्ह राहतो, पुन्हा चालू केलं की गायब.

३) आरजीबीडीएसमध्ये (गेम बॉयसाठीचा असेंब्लर) केलेला गेम बॉयचा गेम कार्ट्रिजवर व्यवस्थित सेव्ह होतो, बंद-चालू करूनही टिकतो. पण फ्लॅशजीबीएक्स त्या कार्ट्रिजला सेव्हच नाही असं दाखवतं, त्यामुळे बॅकअप घेता येत नाही.

---

सोल्डर_पक्कड

पहिल्याचं सांगतो. गोल्डमध्ये ३२ केबी एसरॅम आणि घड्याळ दोन्ही त्या एकाच सीआर२०२५ वर चालतात. बॅटरी सुटली की सेव्ह गेला. म्हणून स्क्रू उघडण्याआधी बॅकअप घ्या.

रीडरवर व्होल्टेजचा हाताचा स्विच असेल तर कार्ट्रिज घालण्याआधी तो ५ व्होल्टवर करा. जीबीएची कार्ट्रिज ३.३ व्होल्टची असते, तिला चुकून ५ दिले तर चिप जाऊ शकते. मग कार्ट्रिजची पिनपट्टी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सेव्ह दोनदा वाचून दोन वेगळ्या फाइली करा, दोघींचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकडा) जुळवा. घड्याळाची नोंद सेव्हबरोबर घेतली तर ते बाइट दोन्ही वेळा वेगळे येणारच, तेव्हा तुलना फक्त पहिल्या ३२ केबीची करा. तिथेही फरक निघाला तर कॉन्टॅक्ट खराब आहे, पुन्हा पुसा. याच बैठकीत रॉमही (गेमचा प्रोग्रॅम) वाचून ठेवा, तिचा चेकसम (मजकूर बरोबर आहे का ते सांगणारा आकडा) फ्लॅशजीबीएक्स स्वतःच तपासतं.

उघडायला ३.८ मिमी गेमबिट (खास स्क्रूड्रायव्हरचं टोक) लागतो (जीबीएच्या कार्ट्रिजला ट्राय-विंग). बॅटरीच्या पत्र्या बॅटरीला वेल्ड केलेल्या असतात, त्या ओढून काढू नका. बोर्डाकडची बाजू डीसोल्डर करा, ओढाओढीत पॅड उखडतो. नवी सीआर२०२५ पत्र्या लावलेलीच घ्या. साध्या नाणेसेलवर थेट सोल्डरिंगची इस्त्री टेकवली तर लिथियम सेल तापून फुटू शकतो. ३२०–३५० अंश, प्रत्येक सांध्याला दोन-तीन सेकंद पुरे. बोर्डावरचं अधिक-उणे पाहूनच लावा, मग मीटरने ३ व्होल्टच्या आसपास येतात का बघा आणि सेव्ह परत लिहा.

सीआर२०३२ मध्ये क्षमता जास्त, पण जाडी २.५ ऐवजी ३.२ मिमी. कवच फुगलं तर एसपीच्या खाचेत घट्ट बसतं, म्हणून माझं मत २०२५ लाच.

एमबीसी५ वर गोल्ड टाकू नका. गोल्ड एमबीसी३ या वेगळ्या चिपचा आहे. घड्याळ वाचायला तो ०८ ते ०सी (हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातले आकडे) हे रजिस्टर निवडतो, पण एमबीसी५ त्या आकड्यांना रॅम बँक समजतो. ३२ केबीमध्ये बँका चारच, त्यामुळे ०८ म्हणजे फिरून बँक ०. वेळ वाचायला गेलं की सेव्हमधले बाइट हाती येतात, आणि वेळ लावायला गेलं की सेव्हवरच लिहिलं जातं. एमबीसी३ आणि आरटीसी (घड्याळ) असलेलीच रीरायटेबल कार्ट्रिज घ्या.

---

वेटस्टेट

दुसऱ्याचं कारण त्या "बॅटरीची गरज नाही" मध्येच आहे. अशा कार्ट्रिजवर एसरॅम असते, पण तिला वीज धरून ठेवणारं काही नसतं. तिच्यावर विकले जाणारे गेम पॅच केलेले असतात: सेव्ह झाला की एसरॅममधला मजकूर फ्लॅशच्या (गेम साठवणारी, वीज नसतानाही टिकणारी चिप) एखाद्या मोकळ्या जागेत उतरवला जातो. काही पॅच हे आपोआप करतात, काही एल, आर, स्टार्ट, सिलेक्ट एकत्र दाबेपर्यंत थांबतात. तुमच्या गेममध्ये हा भागच नाही. आपोआप चालणारे पॅचर अधिकृत लायब्ररीतली सेव्हची फंक्शनं शोधतात. तुमच्या सी कोडमध्ये ती नसल्याने त्यांना काही सापडणार नाही.

सोपा मार्ग म्हणजे बॅटरीवाली किंवा एफरॅमची (बॅटरीशिवाय टिकणारी मेमरी) जीबीए कार्ट्रिज. होमब्रूसाठी मी हाच सुचवेन.

हीच कार्ट्रिज वापरायची असेल तर फ्लॅश लिहिण्याचा कोड तुम्हाला लिहावा लागेल. फ्लॅशवर लिहिताना किंवा सेक्टर पुसताना त्याच चिपमधून सूचना वाचता येत नाहीत, म्हणून ते फंक्शन आयडब्ल्यूरॅममध्ये (कन्सोलच्या आतली रॅम) ठेवा आणि तेवढा वेळ आयएमई (सगळे इंटरप्ट चालू-बंद करणारं रजिस्टर) शून्य करा. इंटरप्ट चालू राहिला आणि त्याचा हँडलर रॉममध्ये असला की गेम तिथेच गोठतो. पुसणं अख्ख्या सेक्टरचंच होतं, बऱ्याच चिपमध्ये तो ६४ किंवा १२८ केबीचा असतो. सेव्हसाठी सेक्टरच्या हद्दीवर सुरू होणारी वेगळी जागा राखा, नाहीतर शेजारचा कोडही पुसला जाईल. स्वस्त कार्ट्रिजमध्ये डेटाच्या ० आणि १ या लाइन अनेकदा अदलाबदल केलेल्या असतात. चिप ओळख देत नसेल तर कमांडच्या आकड्यांत ते दोन बिट उलटे करून पाहा.

आणखी एक तपासा. ई०००००० पासूनची एसरॅम ८ बिटच्या बसवर आहे. मेमकॉपीने ३२ बिट लिहायला गेलात तर एकच बाइट पोचतो. व्होलाटाइल पॉइंटर घेऊन एकेक बाइट लिहा, कारण साधा लूप कंपायलर परत मेमकॉपीत बदलू शकतो. वेटस्टेटला (कार्ट्रिज वाचण्याचा वेग ठरवणारं रजिस्टर) ४३१७ हेक्स ठेवलं असेल आणि गेम मधेच अडकत असेल तर मूळ मूल्यावर आणून बघा. काही स्वस्त चिपना तो वेग झेपत नाही.

---

बँक_शून्य

तिसरं सर्वांत सोपं. कार्ट्रिजमधली रॅम हेडर (रॉमच्या सुरुवातीचा माहितीचा भाग) न वाचताच चालते, पण रीडर सेव्हचा आकार हेडरवरून ठरवतो. हेडरमधल्या १४७ हेक्स या पत्त्याला तुमच्याकडे बहुतेक १९ असेल, म्हणजे नुसता एमबीसी५. तिथे १बी हवं (एमबीसी५, रॅम, बॅटरी) आणि १४९ ला ०३, म्हणजे ३२ केबी. आरजीबीफिक्सला (आरजीबीडीएसमधलं हेडर दुरुस्त करणारं साधन) हे दोन्ही द्या आणि चेकसम त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. १४डी चा चेकसम चुकला तर कन्सोल लोगोपुढे जात नाही, १४ई-१४एफ चा मात्र कन्सोल तपासत नाही.

सध्याचा सेव्ह वाचवायचा असेल तर रॉम लिहिण्याआधी फ्लॅशजीबीएक्समध्ये सेव्हचा प्रकार हाताने ३२ केबी निवडा आणि वाचून घ्या.

कोडमध्ये हेही बघा: ००००–१एफएफएफ मध्ये ०ए लिहून रॅम उघडल्यावर, काम झालं की लगेच ०० लिहून बंद करता ना? उघडी राहिलेली रॅम वीज जाताना भलतेच बाइट घेऊ शकते.

---

निळा_एसपी

१४७ ला खरंच १९ होतं. आता सेव्ह दिसतोय, बॅकअपही झाला. जीबीएसाठी एफरॅमची कार्ट्रिज मागवतो. गोल्डची रॉम वाचून ठेवणं कायद्याने चालतं ना?

---

सोल्डर_पक्कड

भारतात कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(एए): प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे त्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून बॅकअप घेता येतो, आणि तो मूळ कामासाठीच वापरायचा. मित्राला फाइल देणं किंवा कार्ट्रिजवर लिहून विकणं यात बसत नाही. मूळ कार्ट्रिज विकलीत तर बॅकअपही पुसा.

गोल्डला हात लावण्याआधी ती सेव्ह फाइल एमुलेटरमध्ये उघडून पाहा. खेळाडूचं नाव आणि बॉक्समधले पोकेमॉन नीट दिसले की मगच इस्त्री तापवा.