'असली पुस्तकं रद्दीत घाला' म्हणणाऱ्यांसाठी

कडकलक्ष्मी (धागा यांचा)
परवा इथं 'सातवी गल्ली' यांची पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोकं उठलंय. ज्यांची चुकली त्यांच्यासाठी थोडक्यात: भाचीच्या कपाटात 'थर्टीन रीझन्स व्हाय' सापडलं, त्यात शाळकरी मुलगी आत्महत्या करते, म्हणून आईबापांनी असली इंग्रजी पुस्तकं रद्दीत घालावीत, डिप्रेशन हे खात्यापित्या घरच्या पोरांचं फॅड आहे आणि आमच्या वेळी असलं काही नव्हतं. खाली अंगठ्यांचा पाऊस.

आमच्या वेळी नव्हतं म्हणे! होतं की ओ. पेपरात 'पोटाच्या आजाराला कंटाळून' अशी चार ओळींची बातमी यायची आणि नंतर महिनाभर त्या घराकडं गल्लीतलं कुणी मान वर करून बघायचं नाही. आमच्या मंगळवार पेठेत अशी दोन घरं होती, आणि त्या घरांत इंग्रजी पुस्तक सोडा, 'पुढारी' पण शेजारचा मागून आणायचे.

आता पुस्तकाबद्दल. मलाही ते आवडत नाही, पण माझं कारण वेगळं आहे. २००७ चं पुस्तक. मुलगी जाण्याआधी कॅसेट भरून ठेवते, ज्यांनी ज्यांनी त्रास दिला त्यांच्याकडं त्या एकापाठोपाठ एक जातात आणि सगळे गपगुमान बसून तिचं ऐकतात. जिवंत असताना कुणी ऐकलं नाही, गेल्यावर सगळ्यांनी ऐकलं. पंधराव्या वर्षी हे कसलं गोड वाटतं! पण जो गेला त्याला कोण रडलं ते बघायला मिळत नाही, आणि नेमकं हेच पुस्तकात झाकलं जातं. शिवाय ती शाळेतल्या समुपदेशकाकडं जाते तर तो बिनकामाचा निघतो, म्हणजे वाचणाऱ्या पोरानं काय घ्यायचं, की सांगून उपयोग नाही?

विषयच नको म्हणणाऱ्यांनी 'इट्स काइंड ऑफ अ फनी स्टोरी' (२००६) वाचून बघा. त्यातल्या पोराच्या पोटात घास टिकत नाही. एका रात्री तो हेल्पलाइनला फोन करतो, स्वतःच्या पायानं दवाखान्यात जातो आणि मोठ्या माणसांच्या वॉर्डात भरती होतो. तिथं औषधं, कंटाळा, विचित्र शेजारी. आणि हळूहळू जेवायला लागतो. एवढंच. बरं होणं असं रटाळ असतं हे दाखवणारी पुस्तकं मला पोरांच्या हातात हवी आहेत. कपाट साफ करण्याआधी भाचीशेजारी बसून वाचा की जरा.

सातवी गल्ली
ताई झालं का लेक्चर? आता माझं ऐका. मी कपाट झडती घ्यायला उघडलं नव्हतं, जिऑमेट्री बॉक्स शोधत होतो. पुस्तकाखाली तिची रफ वही होती. मागच्या पानावर जांभळ्या जेल पेननं नावं लिहिलेली, वर्गातल्या तीन पोरी, क्लासचे सर, आणि शेवटी तिची सख्खी आई म्हणजे माझी बहीण. प्रत्येक नावापुढं एक नंबर. माझ्या पायाखालची जमीन सरकली. तुम्ही बसा साहित्य चर्चा करत.

आणि हे मी एकटाच बोलत नाही. २०१९ ला अमेरिकेत अभ्यास आला, या पुस्तकावरची नेटफ्लिक्सची मालिका आल्यावरच्या एप्रिल २०१७ मध्ये १० ते १७ वयातल्या आत्महत्या अंदाजापेक्षा २८.९ टक्के जास्त निघाल्या. खुद्द नेटफ्लिक्सनं २०१९ च्याच जुलैमध्ये आत्महत्येचा तो प्रसंग कापला. कंपनीला कळलं, आमच्या वाचनसंस्कृतीवाल्यांना कळंना.

रात्रपाळी
मनोविकार विभागात काम करतो म्हणून बोलतो. आकडा बरोबर आहे, पण तो मालिकेचा आहे, पुस्तकाचा नाही. वाढ ठळक दिसली ती मुलग्यांमध्ये, मालिकेत मात्र मुलगी आहे, हे कोडं त्या अभ्यासालाही सुटलेलं नाही. पुढच्या वर्षी रोमर नावाच्या संशोधकांनी तेच आकडे पुन्हा तपासले तर मुलग्यांमधली वाढ मार्चमध्येच सुरू झालेली दिसली, आणि मालिका आली ३१ मार्चला. दुसऱ्या सीझनवर आणखी एक अभ्यास झाला, १८ ते २९ वयाच्या लोकांवर, त्यात पूर्ण बघणाऱ्यांपेक्षा मध्येच सोडणाऱ्यांत धोका जास्त दिसला. आता जे आधीच खचलेले तेच मध्ये सोडत असतील असंही असू शकतं, त्यामुळं त्यावर नाचू नका.

ढोबळ एवढं म्हणता येतं: कसं केलं याचं बारीक वर्णन आणि मरणातून हिशेब चुकता होणं, ही दोन्ही घातक. अडचणीतून माणूस बाहेर पडतो हे दाखवलं तर उलट आधार मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ ला सिनेमा-नाटकवाल्यांसाठी साधारण हेच लिहून दिलंय.

शिवाजीपेठी गडी
डॉक्टर, दोन्हीकडनं ढोल वाजवलात राव.
ताईंनी एक गोष्ट मात्र शिताफीनं गाळली. त्या फनी स्टोरीवाल्या लेखकानं २०१३ ला स्वतःच आत्महत्या केली. स्वतः बुडालेला माणूस आमच्या पोरांना पोहायला शिकवणार व्हय?

कडकलक्ष्मी
गाळली नाही, ती टाळ्या घ्यायची गोष्ट नाही म्हणून बोलले नाही. आणि हाच न्याय लावायचा तर सुरुवात घरापासून करा. साने गुरुजींनी ११ जून १९५० ला आत्महत्या केली. घाला मग 'श्यामची आई' रद्दीत.

खासबाग
ओ बाई तोंड सांभाळून. गुरुजींना कुठं आणून बसवताय? पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ ला उपोषणाला बसलेला माणूस तो. गांधीजींच्या खुनानं, देशाच्या अवस्थेनं आतून तुटला. त्यांचं दुःख देशाचं होतं. आत्ताच्या पोरांचं काय, मोबाईल काढून घेतला की डिप्रेशन.

कडकलक्ष्मी
म्हणजे दुःखाला पण दाखला जोडायचा का, तहसीलदाराच्या सहीचा? देशासाठी असेल तर मंजूर, दहावीतल्या पोरीचं असेल तर त्रुटी काढून परत?

खासबाग
शब्दांचे खेळ करू नका. आमच्या घरात 'श्यामची आई'ची प्रत आजीच्या ट्रंकेत देवाच्या पोथ्यांबरोबर असायची. आईनं मारून विहिरीवर पोहायला धाडलं ते वाचून चार पिढ्या मोठ्या झाल्या, कुणाला काही झालं नाही.

गवतीचहा
कुणाला काही झालं नाही हे कुणी मोजलं? मला ते पुस्तक वाचून सातवीत आठवडाभर वाटत होतं की मी फार वाईट मुलगी आहे आणि आई माझ्यामुळंच मरणार. चांगलं पुस्तक आहे, मान्य, पण अपराधीपणाचा डोस कमी आहे का त्यात?

शिवाजीपेठी गडी
घ्या, आता 'श्यामची आई'वर पण इशारा छापा, कमकुवत मनाच्या वाचकांसाठी नाही 😂

फळा आणि खडू
वाद जिथं गेलाय तिथलंच सांगतो. मी मराठी शिकवायचो. एकदा सातवीच्या वर्गात एका पोरानं विचारलं, सर गुरुजी कशानं वारले? मी सांगितलं, आजारानं. आजही तेच सांगेन. साठ पोरं समोर, मागच्या बाकावरचा कोण काय मनात घेऊन बसलाय ते मला दिसत नाही.
आणि मंडळी, माझ्या एका वर्गातला एक मुलगा दहावीच्या निकालाच्या आठवड्यात गेला. हुशार नव्हता, वांड पण नव्हता, हजेरीत नाव घेतलं की 'हजर सर' एवढाच आवाज. त्यानं आयुष्यात एकही कादंबरी वाचली नव्हती. वाचली असती तर वाचला असता असंही मी म्हणत नाही.

रात्रपाळी
मास्तर, गुरुजींचं निदान मी करणार नाही, पण 'आजारानं' हे काही टाळाटाळीचं उत्तर नाही. फक्त पोरानं पुढं 'कसला आजार' विचारलं तर गप्प बसू नका.

खासबाग
म्हणजे आता गुरुजी मनोरुग्ण? वा रे वा.

रात्रपाळी
तुम्ही ते शिवीसारखं वापरताय, म्हणूनच माझ्याकडं पेशंट दोन वर्षं उशिरा येतात.

गवतीचहा
पण मराठीत या वयासाठी असलं लिहितं कोण? 'शाळा' कादंबरी २००४ ची, त्यातला काळ आणीबाणीचा. प्रकाश नारायण संतांचा लंपन माझा जीव की प्राण, वडील जातात तेव्हाचं दुःख त्यात आहे, पण आजार म्हणून डिप्रेशन कुठंय? मग पोरं इंग्रजी वाचणारच. सिनेमात तरी 'कासव' झाला, खचलेल्या पोराला घरात ठेवून घेतात, चौकशा करत नाहीत, जेवायला वाढतात. सुवर्णकमळ मिळालं त्याला, एप्रिल २०१७ लाच, म्हणजे तुमची ती मालिका गाजत होती तेव्हाच. किती जणांनी बघितला हात वर करा.

अकरावीचा बाप
तुमचं पुस्तक पुराण चालूदे, पण खरी गोम कुणी बोलंना. २०२२ ला देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, राज्यांत महाराष्ट्र पहिला. ती काय कादंबऱ्या वाचून? माझा पोरगा एका इंटिग्रेटेड अकॅडमीत (कॉलेज आणि एंट्रन्सचा क्लास एकत्र) होता, नाव घेत नाही. दर रविवारी रात्री पालकांच्या ग्रुपवर पीडीएफ यायची, सगळ्या पोरांची रँक, शेवटची नावं लाल रंगात. आम्ही नवरा-बायको जेवता जेवता ती यादी खालून वर वाचायचो, आणि तो समोर बसून भात चिवडायचा. मग दुपारी पण झोपायला लागला, आंघोळ टाळायला लागला. आम्ही म्हटलं माजलाय. त्याच्या आत्यानं ओळखलं, ती नर्स आहे. गोळ्या चालू हायत, अकॅडमी सोडली, फी परत दिली नाही त्यांनी. तर तो रविवारचा कागद आधी बंद करा, कपाटं मग बघू.

शिवाजीपेठी गडी
भावा, फी साठी ग्राहक आयोगात जा. सोडू नको.

सातवी गल्ली
अहो तो वेगळा धागा काढा.
ताई, तुमच्या समाधानासाठी सांगतो, पुस्तक रद्दीत घातलं नाही. माझ्याकडंच हाय, तिसऱ्या कॅसेटपर्यंत आलोय, डिक्शनरी घेऊन. फॅड म्हटलं ते तेवढं जरा जास्त झालं म्हणा. पण पोरीच्या हातात परत देणार न्हाई म्हणजे न्हाई. आणि डॉक्टर, तुम्ही सगळ्यांना उत्तरं दिली, त्या वहीचं काय करू ते कुणी सांगितलंच नाही.

रात्रपाळी
तिला सरळ विचारा, आजच. एकटीला गाठून, आईला मध्ये न घेता, आवाज न चढवता. जीव द्यावासा वाटतो का, हेच शब्द. विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट हलकं वाटतं. हो म्हणाली तर एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी दाखवायला आणा. तोवर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात.

सातवी गल्ली
बरं. संध्याकाळी रंकाळ्यावर नेतो तिला, भेळ खायला म्हणून.

कडकलक्ष्मी
ने की दादा. आणि पुस्तकाचं नाव पहिल्या पाच मिनिटांत काढू नको.

खासबाग
ते सगळं ठीक आहे, पोरीची काळजी घ्या. पण गुरुजींबद्दल जे बोलला त्याची माफी राहिली ताई.

कडकलक्ष्मी
माफी कशाची, तारीख चुकली का?