ग्रामसभेत काय विचारायचं आणि जनता दरबारात काय?

पायवाट
गावात नेहमीचा वाद आहे. एक बाजू म्हणते, ग्रामसभेत नुसती भांडणं होतात, काम आमदारांच्या जनता दरबारात एका फोनवर होतं. शिवाय लोकशाही दिन आहेच. मग ग्रामसभेला जायचं कशाला? आणि ग्रामपंचायतीने पाणीपुरवठ्यावर केलेल्या खर्चाबद्दल विचारायचं असेल तर ते कुठे आणि कसं?

दप्तरदार
तिन्ही ठिकाणी लोक जमतात, साम्य तेवढंच.

जनता दरबाराला कायद्याचा आधार नाही. आमदार फोन करतात, अधिकारी 'बघतो साहेब' म्हणतो, आणि त्या बोलण्याची नोंद कुठेच राहत नाही. आमदार निधीतसुद्धा आमदार काम सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून येते. पण रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) जळालंय, एसटीची फेरी बंद झालीय, दाखला अडकलाय, अशा कामांना दरबार चांगला. तिथे कायदा नको असतो, रेटा हवा असतो.

लोकशाही दिन प्रशासनाचा. जिल्हाधिकाऱ्यांकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरतो, अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो. वैयक्तिक तक्रारच चालते. न्यायप्रविष्ट आणि नोकरीविषयक प्रकरणं घेत नाहीत.

ग्रामसभेत मात्र तुम्ही अर्जदार नसता, सभासद असता. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण. महाराष्ट्राच्या १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षाला किमान ४ सभा घ्याव्याच लागतात. पुरेशा कारणाशिवाय टाळल्या तर सरपंचपद जाऊ शकतं. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षणाचे शेरे मांडावे लागतात. तुमचा पाण्याचा प्रश्न तिथला. १५ ऑगस्टच्या सभेत विचारलात तरी हरकत नाही, पण हिशेबाचा विषय पत्रिकेवर हक्काने असतो तो त्या पहिल्या सभेत, बहुतेक ठिकाणी १ मेच्या.

ऐनवेळचा विषय
दप्तरदारांशी सहमत, पण नुसतं उभं राहून 'पाण्याच्या पैशाचं काय झालं?' विचारलं की 'माहिती घेऊन सांगतो' एवढंच उत्तर मिळतं. पद्धत अशी:

सभेची नोटीस ७ दिवस आधी निघते. तिची वाट न बघता विषय लेखी द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. म्हणजे तो विषयपत्रिकेवर यावा असा आग्रह धरता येतो. नाहीतर तो 'ऐनवेळचे विषय'मध्ये ढकलला जातो, आणि त्याची पाळी येईपर्यंत निम्मी सभा उठलेली असते.

प्रश्न मोघम नको. काम कोणतं, अंदाजपत्रक किती, मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या वहीत) पाइपची लांबी किती, बिल कोणत्या तारखेला अदा झालं. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला आलेल्या, निधीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर लॉगिनशिवाय दिसतो. त्याची छापील प्रत हातात ठेवा. त्या निधीचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, म्हणजे दुसरीकडे वापरता येत नव्हता, त्यामुळे 'पाण्याला पैसाच नव्हता' हे उत्तर सहसा टिकत नाही.

ठरावाचा मसुदा घरूनच लिहून न्या, सूचक-अनुमोदक ठरवून. सभेत तोंडी ठरतं एक आणि इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, उतरतं दुसरं, बहुतेक घोळ इथेच होतो. सभा संपायच्या आत ठराव मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आणि कोऱ्या पानावर हजेरीची सही करू नका. वर मजकूर नंतर येतो, आणि तुमची सही त्याला संमती म्हणून दाखवली जाते.

गणपूर्ती
कोरमचा, म्हणजे सभेला किमान किती लोक हवेत हा, मुद्दा राहिला. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. म्हणजे ४०० मतदारांच्या गावात ६० लोक हवेत, आणि ६६७च्या वर कितीही मोठं गाव असो, १०० पुरे. 'तीन हजारांचं गाव, साडेचारशे लागतात' म्हणून सभा मोडणं चूक आहे. खरोखर कोरम नसेल तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. इथेच खरी मेख आहे: पहिल्या दिवशी लोक परत जातात, आणि दुसऱ्या वेळी पंधरा-वीस जणांत लाभार्थ्यांची यादी मंजूर होते. तहकूब सभेची तारीख जागेवरच विचारून घ्या.

महिलांची सभा ग्रामसभेआधी घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती फक्त रजिस्टरमध्ये भरते. पाण्याचा विषय तिथून ठराव होऊन आला तर पुढच्या सभेत तो बाजूला सारणं अवघड जातं.

मांडवीकाठ
गोव्यात नेहमीच्या ग्रामसभा रविवारी असतात, त्यामुळे नोकरीवाले येतात. भांडणं तिथेही भरपूर, पण बांधकाम परवान्यावरची असतात.

पायवाट
धन्यवाद सगळ्यांना. इतिवृत्ताची प्रत मागितली आणि दिलीच नाही तर?

दप्तरदार
साधा अर्ज आधी. नाही मिळाली तर माहिती अधिकारात अर्ज, शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. मुदत ३० दिवस, त्यानंतर पहिलं अपील. अर्जात 'ग्रामसभेची सर्व माहिती' असं लिहू नका, 'अमुक तारखेच्या सभेचं इतिवृत्त आणि हजेरीपट' एवढंच मागा. आणि सभा झाल्यावर चार-आठ दिवसांतच मागा, वर्षभराने नको. तोवर रजिस्टर 'ऑडिटला गेलेलं' असतं.